आलोइस झेनेफेल्डर : एका नाटककाराने लावलेला शिळामुद्रणाचा शोध

एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहाराचा विचार करताना शिळाछाप हा शब्द वारंवार भेटतो. जुन्या ग्रंथसंग्रहांतील सुट्या पानांच्या पोथ्या, पंचांगे आणि आख्याने यांच्या नोंदींत या शब्दाखेरीज अधिक तपशील बहुधा नसतो. खिळे पाडून, ते जुळवून केलेल्या छपाईचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सविस्तर लिहिला गेला. दगडावरून केलेल्या छपाईचा मात्र खिळ्यांच्या आधीची एक तात्पुरती सोय एवढाच उल्लेख करून पुढे जाण्याची प्रथा पडली आहे. ही छपाई शोधून काढणारा आलोइस झेनेफेल्डर हा मूळचा मुद्रकही नव्हता आणि रसायनशास्त्रज्ञही नव्हता. तो नाटके लिहिणारा एक कर्जबाजारी तरुण होता आणि आपली नाटके स्वतः छापता यावीत एवढाच त्याचा आरंभीचा हेतू होता. त्याच्या चरित्रातील एक आख्यायिका जगभर प्रसिद्ध आहे. तिच्या प्रसिद्धीमुळेच त्याने नेमके काय शोधले हा प्रश्न मात्र झाकला गेला आहे.

झेनेफेल्डरचा जन्म ६ नोव्हेंबर १७७१ रोजी प्राग येथे झाला. वडील पेटर झेनेफेल्डर नट होते आणि त्या काळी नाटकमंडळीबरोबर प्रागमध्ये होते. पुढे म्युनिक येथील राजदरबाराच्या रंगभूमीवर त्यांना स्थान मिळाले आणि कुटुंब बव्हेरियात स्थिरावले. प्रागमधील जन्म हा केवळ योगायोग होता, परंतु या योगायोगाने पुढे एकदा त्याच्या आयुष्याला अनपेक्षित वळण दिले. नटाच्या घरातील मुलाला रंगभूमीची ओढ असणे स्वाभाविकच होते. आपल्या मुलाने मात्र या अस्थिर व्यवसायात पडू नये अशी वडिलांची इच्छा होती. मुलगा अभ्यासात हुशार होता. त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि इंगोलश्टाट येथील विद्यापीठात तो कायद्याचा अभ्यास करू लागला. त्याच काळात त्याने विद्यार्थिजीवनावर एक विनोदी नाटक लिहिले. ते रंगभूमीवर आले, छापलेही गेले आणि छपाईचा खर्च वजा जाता लेखकाच्या हाती सुमारे पन्नास गुल्डन पडले.

या पन्नास गुल्डननी त्याचा घात केला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १७९१ च्या सुमारास वडील वारले. मागे आई आणि भावंडांचे मोठे कुटुंब होते. शिक्षण सुटले. नट म्हणून काही काळ त्याने लहानसहान मंडळ्यांतून भटकंती केली, पण त्यात ना पैसा होता ना प्रतिष्ठा. मग पहिल्या नाटकाच्या अनुभवावर विसंबून त्याने लेखनावर निर्वाह करण्याचे ठरविले. 'माटिल्डे फॉन आल्टनश्टाइन' हे पुढचे नाटक छापखान्यात गेले. परंतु लाइपझिगच्या ईस्टरच्या ग्रंथजत्रेपूर्वी ते छापून तयार झाले नाही. त्या काळच्या जर्मन ग्रंथव्यापारात या जत्रेचे महत्त्व फार मोठे होते. जत्रा चुकली की पुस्तकाचे वर्ष वाया जाई. या नाटकाने लेखकाला कर्जात लोटले.

तथापि छपाई लवकर व्हावी म्हणून तो छापखान्यात तासन् तास उभा राहत असे आणि तेथील प्रत्येक क्रिया पाहत असे. खिळे जुळविणे, शाई लावणे, कागद दाबणे यांत असाध्य असे त्याला काही दिसले नाही. स्वतःचा छापखाना असेल तर आपणच लिहावे आणि आपणच छापावे, सकाळी बौद्धिक श्रम आणि दुपारी शारीरिक श्रम, असे चित्र त्याच्या मनात तयार झाले. अडचण होती ती भांडवलाची. खिळे आणि यंत्र विकत घेण्यास पैसे नव्हते. म्हणून खिळ्यांवाचून छापता येईल काय, या दिशेने त्याचे प्रयत्न सुरू झाले. शिळामुद्रणाच्या जन्माशी दारिद्र्याचा संबंध आहे तो असा.

त्याने अनेक गोष्टी करून पाहिल्या. शेवटी त्याने तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे लिहून ती आम्लाने कोरण्याचा सराव आरंभिला. उलटे लिहिताना चुका होत. त्या झाकण्यासाठी त्याने मेण, साबण आणि काजळी पाण्यात खलून एक काळे द्रावण तयार केले. तांब्याचा पत्रा मात्र महाग होता. एकच पत्रा पुनःपुन्हा घासून वापरल्याने तो पातळ होत चालला. म्हणून सरावापुरता त्याने केलहाइमचा दगड घेतला. डॅन्यूब आणि आल्टम्यूल या नद्यांच्या संगमावरील केलहाइम आणि आल्टम्यूलच्या खोऱ्यातील झोल्नहोफेन येथील चुनखडीचा हा दगड थराथरांनी निघतो आणि त्याला गुळगुळीत पृष्ठभाग आणता येतो; म्युनिकमध्ये तो फरशीसाठी वापरीत असत. (याच दगडाच्या थरांत १८६१ मध्ये पिसांचा ठसा आणि पंखयुक्त प्राण्याचा जीवाश्म सापडला. त्याला दिलेल्या शास्त्रीय नावात लिथोग्राफीचा उल्लेख आला, तो या दगडाच्या ख्यातीमुळेच.)

येथे ती प्रसिद्ध आख्यायिका येते. १७९६ मध्ये एके दिवशी आईने धोबिणीला द्यावयाच्या कपड्यांची यादी लिहून घेण्यास सांगितले. धोबीण दारात खोळंबली होती. घरात कागदाचा तुकडा नव्हता, कारण होता नव्हता तो कागद छपाईच्या प्रयोगांत संपला होता; दौतीतील शाईही वाळली होती. झेनेफेल्डरने हाताशी असलेल्या घासलेल्या दगडावर आपल्या मेण-साबणाच्या शाईने ती यादी उतरून ठेवली. पुढे ती पुसून टाकताना त्याच्या मनात आले की यावर आम्ल ओतले तर काय होईल? एक भाग तेजाब आणि दहा भाग पाणी असे मिश्रण त्याने दगडावर सुमारे पाच मिनिटे ठेवले. शाईखालचा दगड तसाच राहिला, भोवतालचा झिजला आणि अक्षरे पत्त्याच्या जाडीइतकी वर उठून आली. त्यांना शाई लावून त्याने ठसा घेतला. शाईच्या मऊ गोळ्याने अक्षरांबरोबर मोकळी जागाही काळी होई, तेव्हा त्याने सपाट फळीला बारीक कापड गुंडाळून शाई लावण्याचे साधन बनविले आणि ठसे स्वच्छ येऊ लागले.

ही हकीकत स्वतः झेनेफेल्डरने आपल्या ग्रंथात सांगितली आहे आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु धोबिणीच्या यादीतून शिळामुद्रणाचा जन्म झाला हे जे सर्रास लिहिले जाते, ते चुकीचे आहे. १७९६ मध्ये झेनेफेल्डरने साधले ते उठावाचे मुद्रण होते. तत्त्वतः त्यात आणि लाकडी ठशात फारसा भेद नव्हता. फक्त लाकूड हत्याराने कोरले जाई आणि येथे दगड आम्लाने कोरला जात होता. दगडावर आम्लाने अक्षरे कोरण्याची कल्पनाही अगदी नवी नव्हती. बव्हेरियातीलच सिमॉन श्मिड नावाच्या धर्मोपदेशकाने आपण हे आधी केल्याचे पुढे प्रतिपादिले, आणि एवढ्याच गोष्टीपुरते पाहिले तर तो दावा सहजासहजी नाकारता येत नाही. झेनेफेल्डरचे खरे कर्तृत्व अद्याप दोन वर्षे दूर होते. आख्यायिकेचा गोडवा असा की ती सांगून झाल्यावर पुढची दोन वर्षे कोणी विचारातच घेत नाही.

ती दोन वर्षे सोपी नव्हती. शोध लागला, पण यंत्रासाठी आणि दगडांसाठी पैसा नव्हता. तोफखान्यात दुसऱ्या एकाच्या बदली भरती झाल्यास दोनशे गुल्डन मिळणार होते. तेवढ्या भांडवलावर धंदा उभा करता येईल या हिशेबाने तो इंगोलश्टाटला गेला. ज्या गावात तो कायदा शिकला होता तेथेच तो शिपाई होण्यासाठी आला होता. परंतु तपासात त्याचा जन्म प्रागचा, म्हणजे परदेशातला, असे निघाले आणि त्याला नाकारण्यात आले. निराश होऊन परतत असताना त्याला कोठेतरी पाहिलेली हीन प्रतीची स्वरलिपीची छपाई आठवली. आपली पद्धत संगीत छापण्यास योग्य आहे असे त्याला वाटले. म्युनिकच्या दरबारातील वादक व संगीतकार फ्रान्ट्स ग्लाइस्नर याच्याशी त्याने भागीदारी केली. ग्लाइस्नरची बारा गीते दोन आठवड्यांच्या आत छापून झाली. एकशेवीस प्रतींना खर्च तीस गुल्डन आला, विक्रीचे शंभर मिळाले आणि सत्तर गुल्डन नफा झाला. बव्हेरियाचा इलेक्टर कार्ल थेओडोर याने प्रसन्न होऊन शंभर गुल्डन दिले. ही भागीदारी पुढे दीर्घकाळ टिकली, आणि झेनेफेल्डरच्या आयुष्यात जे थोडे स्थैर्य आले त्यात ग्लाइस्नर दांपत्याचा वाटा मोठा होता.

१७९८ मध्ये एका प्रार्थनापुस्तकाचे काम त्याच्याकडे आले. ते हस्ताक्षरासारख्या अक्षरांत छापावयाचे होते. दगडावर प्रत्येक ओळ उलटी लिहिण्याचा त्याला कंटाळा होता. कागदावर सुलट लिहून तो मजकूर दगडावर उतरविता आला तर तो आपोआप उलटा उमटेल आणि छापताना पुन्हा सुलट होईल, असा विचार करून तो वेगवेगळ्या शाया करून पाहू लागला. या प्रयोगांत त्याच्या नजरेस एक गोष्ट आली. स्निग्ध शाईने लिहिलेला कागद डिंकाच्या पाण्यात भिजविला आणि त्यावर तेलकट रंग लावला, तर रंग फक्त अक्षरांवर चिकटतो. ओला कागद तो घेत नाही. मग त्याने एका जुन्या पुस्तकाचे छापील पान घेतले, ते डिंकाच्या पाण्यात बुडविले, त्यावर छपाईची शाई तेलात कालवून फिरविली आणि कोऱ्या कागदावर दाबले. जुन्या पानाचा उलटा ठसा त्या कागदावर उमटला. येथे उठाव नव्हता, खोली नव्हती. होता तो केवळ स्निग्धता आणि पाणी यांचा परस्परविरोध. कागद फार काळ टिकणारा नव्हता. मग केलहाइमच्या दगडावर हेच होईल का, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि प्रयोगाने त्याचे उत्तर होकारार्थी आले.

शिळामुद्रणाचा जन्म झाला तो या क्षणी. त्यापूर्वीची सर्व मुद्रणपद्धती पृष्ठभागाच्या उंचसखलपणावर आधारलेली होती. खिळ्यांत आणि लाकडी ठशांत अक्षर वर असते, ताम्रपटाच्या छपाईत ते खाली कोरलेले असते. झेनेफेल्डरच्या दगडावर छापणारा भाग आणि न छापणारा भाग एकाच पातळीत राहू शकत होते. हे तत्त्व त्याला एवढे महत्त्वाचे वाटे की तो आपल्या पद्धतीला रासायनिक मुद्रण म्हणत असे; दगड हा त्याच्या दृष्टीने त्या तत्त्वाचा एक वाहक तेवढा होता. लिथोग्राफी हे ग्रीक शब्दांवरून बनविलेले नाव पुढे इतरांनी रूढ केले. या नावाने दगडाला महत्त्व आले आणि तत्त्व मागे पडले.

प्रत्यक्ष क्रिया कशी चाले हे सविस्तर पाहिल्यावाचून या शोधाचे स्वरूप स्पष्ट होत नाही. प्रथम दोन दगड एकमेकांवर ठेवून, मध्ये वाळू आणि पाणी घालून, ते घासून सपाट करीत. वाळू उत्तरोत्तर बारीक घेत. लेखणीच्या कामासाठी दगड काचेसारखा गुळगुळीत करीत, तर खडूने चित्र काढावयाचे असल्यास त्यावर बारीक खर ठेवीत. त्यावर मेण, साबण, चरबी, लाख आणि काजळी यांच्या शाईने किंवा त्याच द्रव्यांच्या खडूने लिहीत वा रेखाटीत. दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने साबणातील व चरबीतील मेदाम्लांचा त्याच्याशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा चुन्याचा साबण तयार होतो. म्हणजे रेखाटन दगडावर नुसते बसत नाही, ते दगडाचाच एक भाग बनते. त्यानंतर डिंकाच्या पाण्यात थोडे नायट्रिक आम्ल मिसळून ते सर्व दगडावर पसरीत. आम्लाचे प्रमाण अल्प असे. अक्षरे उठविणे हा त्याचा उद्देश नव्हता. मोकळा भाग स्वच्छ होऊन त्याने डिंक धरून ठेवावा आणि तो पाण्याला अनुकूल व तेलाला प्रतिकूल व्हावा, एवढ्यासाठी ते असे. १७९६ मधील आम्ल आणि १७९८ नंतरचे आम्ल यांतील हा भेद ध्यानात घेतला म्हणजे दोन शोधांतील अंतर स्पष्ट होते.

यापुढची पायरी नवख्याला घाबरविणारी आहे. टर्पेंटाइनने दगड पुसला की काळे रेखाटन नाहीसे होते. पुष्कळ तासांचे काम धुऊन गेल्यासारखे दिसते. मग ओल्या स्पंजाने दगड भिजवून त्यावर कातडी रुळाने तेलकट शाई फिरविली की गेलेले रेखाटन हळूहळू परत प्रकट होते. मोकळा भाग ओला असल्याने शाई घेत नाही. स्निग्ध भाग पाणी झटकतो आणि शाई घेतो. त्यावर कागद ठेवून, वर चामड्याचे आवरण घालून, लाकडी पट्टीच्या कडेखालून दगड दाबाने सरकविला की ठसा मिळतो. प्रत्येक ठशासाठी पुन्हा भिजविणे, पुन्हा शाई, पुन्हा दाब. काम संपले की दगड घासून पुन्हा कोरा करीत. एकाहून अधिक रंग हवे असल्यास प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे आणि सर्व दगडांवरील रेखाटने केसाच्या अंतराने जुळवावी लागत.

या यंत्रातील दाबाचा प्रश्न झेनेफेल्डरने बऱ्याच प्रयत्नांनी सोडविला. ताम्रपटाच्या छपाईचे रुळाचे यंत्र दगडाला मानवले नाही, दगड फुटत. वरून एकदम दाबणारे यंत्रही निरुपयोगी ठरले. अखेरीस पट्टी कागदावरून घासत नेण्याची, अर्थात एका वेळी एका अरुंद रेषेवरच सर्व दाब एकवटण्याची युक्ती त्याला सापडली. लांब दांड्याचे त्याचे यंत्र यावरच आधारलेले होते.

१७९९ मध्ये नव्या इलेक्टरने, माक्सिमिलियन योसेफने, त्याला बव्हेरियात पंधरा वर्षांचा एकाधिकार दिला. त्याच वर्षी ऑफेनबाखचा संगीत-प्रकाशक योहान आन्टोन आन्द्रे म्युनिकला आला. मोट्सार्टच्या विधवेकडून त्याच्या हस्तलिखितांचा संग्रह विकत घेणारा तो हाच आन्द्रे. त्याने दोन हजार गुल्डन देऊन ही विद्या शिकून घेतली आणि युरोपच्या प्रमुख राजधान्यांत एकाधिकार मिळविण्याची मोठी योजना मांडली. झेनेफेल्डर लंडनला गेला आणि १८०१ मध्ये त्याला तेथे एकाधिकारपत्र मिळाले. लंडनमध्ये नामांकित चित्रकारांनी दगडावर रेखाटलेल्या चित्रांचा एक संग्रह १८०३ मध्ये निघाला. परंतु तोवर आन्द्रेशी त्याचे बिनसले होते. मग तो व्हिएन्नाला गेला. तेथेही अधिकारपत्र मिळाले, पण संगीत छापण्यावर भागेना म्हणून कापडावरील छपाईत त्याने हात घातला आणि त्यातही तोटा खाल्ला. एक गोष्ट नीट रुजण्यापूर्वीच दुसरी सुरू करण्याचा त्याचा स्वभाव होता. शोधकाला हा गुण उपकारक असतो, व्यापाऱ्याला नव्हे.

१८०६ मध्ये तो म्युनिकला परतला तेव्हा त्याचे गुपित गुपित उरले नव्हते. त्याच्या भावांकडून ही कला शहरातील चित्रकलेच्या एका शाळेपर्यंत पोहोचली होती आणि तेथे मिटरर नावाच्या अध्यापकाने खडूच्या रेखाटनात चांगली प्रगती केली होती. कायद्याने एकाधिकार झेनेफेल्डरचा होता, परंतु व्यवहारात तो कागदावरच राहिला. बॅरन आरेटिन याच्या भागीदारीत त्याने नवा छापखाना काढला. या छापखान्यातून १८०८ मध्ये सम्राट माक्सिमिलियनच्या प्रार्थनापुस्तकातील ड्यूररची रेखाटने श्ट्रिक्स्नर या चित्रकाराने दगडावर उतरवून प्रसिद्ध केली. गटेने त्यांचे स्वागत केले. दगडावरील छपाई ही स्वस्तातली सोय नसून कलेचे माध्यम होऊ शकते हे या प्रकाशनाने दाखवून दिले. पुढच्या दोन दशकांत गोयाने बैलांच्या झुंजीची आणि देलाक्रवाने 'फाउस्ट'ची चित्रे दगडावर काढली, ती या वाटेने.

स्थैर्य आले ते मात्र कलेमुळे नव्हे, करवसुलीमुळे. बव्हेरिया सरकारने सर्व जमिनीची मोजणी करून तिचे नकाशे तयार करण्याचे काम हाती घेतले होते. ताम्रपट परवडण्यासारखे नव्हते आणि नकाशांच्या प्रती तर हजारोंनी लागणार होत्या. १८०९ मध्ये झेनेफेल्डरची या खात्याच्या शिळामुद्रणालयात निरीक्षक म्हणून वार्षिक पंधराशे गुल्डन वेतनावर आजन्म नेमणूक झाली; ग्लाइस्नरलाही तेथेच जागा मिळाली. १८१० मध्ये त्याने लग्न केले. तीन वर्षांनी पत्नी बाळंतपणात वारली. मागे एक मुलगा राहिला. पुढे त्याने दुसरा विवाह केला. त्याच्या ग्रंथात घरगुती आयुष्याविषयी फार थोडे आले आहे.

या ग्रंथाचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे. शिळामुद्रणाचा उगम कोणाकडे जातो याविषयी एव्हाना जर्मनीत आणि फ्रान्समध्ये नाना मते निघाली होती. म्युनिकच्या अकादमीचे प्रमुख श्लिश्टेग्रोल यांनी या प्रश्नाला वाचा फोडली आणि झेनेफेल्डरने स्वतः लिहावे असा आग्रह धरला. १८१८ मध्ये 'शिळामुद्रणाचे संपूर्ण पाठ्यपुस्तक' या अर्थाच्या शीर्षकाने तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच वर्षी त्याची इंग्रजी व फ्रेंच भाषांतरे निघाली. पहिल्या भागात शोधाची हकीकत आणि दुसऱ्यात तंत्राचे विवरण, अशी त्याची रचना आहे. आपण आज त्याच्या तारुण्याविषयी जे जाणतो त्यातील बहुतांश या पहिल्या भागातूनच आलेले आहे. म्हणजे धोबिणीची यादी घडली तेव्हाचा तरुण आणि ती सांगणारा लेखक यांत बावीस वर्षांचे अंतर आहे, आणि सांगणाऱ्याला आपला अग्रहक्क सिद्ध करावयाचा आहे. आत्मनिवेदनाचा साधन म्हणून उपयोग करताना ही भूमिका विसरून चालत नाही.

तथापि या निवेदनाचे एक वैशिष्ट्य त्याच्या विश्वसनीयतेची साक्ष देते. झेनेफेल्डर आपल्या फसलेल्या प्रयोगांचा पाढा मनापासून वाचतो. कोणती शाई दगडावर पसरली, कोणते यंत्र मोडले, कोठे पैसे बुडाले, हे तो काहीही न लपविता सांगतो. केवळ कीर्तीसाठी लिहिणारा लेखक असे सहसा लिहीत नाही. आणखी एक गोष्ट : हा ग्रंथ एका नाटककाराने लिहिला आहे, हे वाचताना सतत जाणवते. दारात खोळंबलेली धोबीण, वाळलेली दौत आणि कागदाचा अभाव ही मांडणी रंगभूमी जाणणाऱ्या माणसाची आहे. नेमक्या जागी घातलेल्या या प्रवेशाने वाचकांचे मन इतके जिंकले की १७९८ मधील प्रयोगांचे शांत, रुक्ष वर्णन कोणाच्या स्मरणात राहिले नाही. आपल्याच लेखनकौशल्याने त्याने आपल्या खऱ्या शोधावर सावली पाडली, असा निष्कर्ष काढावा लागतो.

या ग्रंथाने गुपिताचा शेवट झाला. १८२० नंतरच्या दशकात शिळायंत्रे कलकत्ता आणि मुंबई येथे पोहोचली. ज्या लिप्यांचे खिळे पाडणे अवघड व खर्चाचे होते, त्यांना हे यंत्र विशेष सोयीचे ठरले. नागरीत जोडाक्षरे आणि वरखाली येणारी चिन्हे यांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांनी वाढत असे. मोडीसारख्या एका हाताने वाहत जाणाऱ्या लिपीचा प्रश्न त्याहून बिकट होता. दगडावर मात्र लेखनिकाचे वळण जसेच्या तसे येई. बोरूने पोथ्या लिहिणाऱ्या हाताला नवे यंत्र शिकावे लागले नाही, यंत्रच त्या हाताकडे आले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हे काम पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचे लाकडी यंत्र बनविले, दगड आणि शाई यांची जुळवाजुळव केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग शिळेवर छापले. छापील पोथीतील शाईत चरबी असते म्हणून सनातनी मंडळींना ती चालत नसे आणि त्यासाठी तुपाची शाई वापरली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. शिळामुद्रणाचे सारे तत्त्वच स्निग्धतेवर उभे आहे. त्यामुळे चरबीऐवजी तूप घेतले तरी त्याला बाध येत नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. स्वतः लिहून स्वतः छापण्याचे जे चित्र म्युनिकच्या तरुणाने पाहिले होते, त्याच्या निकटचे काही मुंबईत घडत होते, आणि झेनेफेल्डर तेव्हा हयात होता.

उत्तरायुष्यातही त्याचे प्रयोग थांबले नाहीत. जड दगडाऐवजी वापरता येईल असा कृत्रिम लेप दिलेला कागद त्याने तयार केला आणि त्यासाठी पॅरिसमध्ये काही काळ खटपट केली. लंडनच्या कलाविषयक संस्थेने १८१९ मध्ये त्याला सुवर्णपदक दिले. १८२६ च्या सुमारास तैलचित्रांसारखी रंगीत छपाई करण्याची एक पद्धत त्याने शोधली. यांपैकी कशातूनही त्याला संपत्ती लाभली नाही. २६ फेब्रुवारी १८३४ रोजी म्युनिक येथे त्याचे निधन झाले आणि तेथील जुन्या दक्षिण दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

रासायनिक मुद्रण दगडापुरते मर्यादित नाही आणि धातूच्या पत्र्यावरही ते साधते, हे त्याने आपल्या ग्रंथात नोंदविले होते. विसाव्या शतकात रबरी आवरणाच्या रुळामार्फत कागदावर ठसा देणारी ऑफसेट छपाई जगभर रूढ झाली. तिच्यातील ॲल्युमिनियमचा पत्रा पाणी आणि शाई यांना त्याच नियमाने वागवितो. झोल्नहोफेनच्या खाणीतील दगडांवर बव्हेरियाच्या जमीनमोजणीचे जे नकाशे उतरविले गेले, त्यांपैकी सव्वीस हजारांहून अधिक दगड म्युनिकच्या मोजणी खात्याने जतन केले आहेत. त्यांवरील शेते, वाटा आणि गावांची नावे अर्थातच उलटी आहेत.